किल्ला पुढे का येतो?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब होतं, मुद्द्यापुरतं देतो.

"मी ६३ वर्षांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तैलरंग हातात धरले. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून सगळ्या लष्करची घरं दिसतात आणि मागे किल्ला. दसऱ्यानंतर २४ बाय ३६ इंचांच्या कॅनव्हासवर तेच चित्र घेतलं, संक्रांतीला संपवलं. अर्धं गच्चीत बसून केलं, अर्धं मोबाइलच्या फोटोवरून. हुबेहूब करायचं म्हणून एकेक खिडकी, एकेक टाकी मोजून काढली. किल्ल्यातल्या मान मंदिर महालावरची बदकंसुद्धा काढली. तरी किल्ला मागे जातच नाही, पुठ्ठा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मुलगा म्हणतो, 'आई, हे हिमाचलचं कॅलेंडर वाटतंय.' 'दूरचं ते निळं' असं वाचलं होतं म्हणून डोंगर निळा केला. त्याच्या आधीच्या एका चित्रातलं आकाश तर आठ महिन्यांत तडकलं. इम्पोर्टेड रंग घेऊन घेऊ का? आणि खरं सांगा, फोटो असताना असली चित्रं काढण्यात काही अर्थ आहे का?"

ताई, 'घेऊन घेऊ का' वाचूनच पत्र आपल्याकडचं आहे हे कळलं. पुण्याची मंडळी या क्रियापदाला हसतात, हसू देत. मी शिंद्यांच्या छावणीत वाढलो, हा किल्ला माझ्याही डोक्यावर लहानपणापासून आहे. म्हणून तुमचं दुखणं मला आतून ठाऊक आहे.

रंग घेऊ नका. पत्रासोबत पाठवलेले दोन्ही फोटो, चित्राचा आणि गच्चीतून काढलेला, मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हात चांगला आहे, रेघ स्वच्छ आहे. तुम्हाला अडवतंय ते एवढंच की तुम्हाला किल्ला फार ओळखीचा आहे. बदकांचंच घ्या. मानसिंह तोमराच्या महालावर निळ्या फरशीत पिवळी बदकं आहेत, खरंच आहेत, शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिली आहेत. पण तुमच्या गच्चीतून ती दिसतात? शक्यच नाही. दोन किलोमीटरवरून बदक दिसायला घारीचे डोळे पाहिजेत. ती तुम्ही आठवणीतून, ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने, प्रेमाने काढलीत. आणि ज्या क्षणी ती काढली, त्या क्षणी पाहणाऱ्याच्या डोळ्याला तुम्ही सांगितलंत की किल्ला हाताच्या अंतरावर आहे. मग तो मागे कसा जाईल?

उद्या सकाळी एक करा. गच्चीत उभ्या राहा, हात सरळ लांब करा, एक डोळा मिटा आणि दोन बोटं आडवी धरून किल्ल्याची उंची मोजा. टेकडी पायथ्यापासून साधारण १०० मीटर उंच आहे, तुमच्यापासून दोनेक किलोमीटर लांब आहे. डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर धरलेल्या हाताशी हिशेब केला तर ती जेमतेम तीन सेंटीमीटर भरते. अख्खा गोपाचल, म्हणजे किल्ल्याची टेकडी, दोन बोटांआड जातो! तुमच्या कॅनव्हासवर मात्र त्याने वरचा निम्मा भाग घेतला आहे, आणि खाली शेजाऱ्यांच्या टाक्या, दोऱ्या, जिने, सगळं जवळच्या मापाचं. मोबाइलची साधी लेन्स रुंद पाहते, त्यामुळे फोटोत किल्ला आणखीच बारका येतो. तो बारका पाहून तुम्हाला वाईट वाटलं असणार आणि तुम्ही तो मोठा केलात. गच्ची रुंद नजरेची, किल्ला दुर्बिणीतला, असं एकाच कॅनव्हासवर झालं. पुठ्ठ्यासारखा दिसतो तो इथून सुरू होतो. रंगांचा प्रश्न नंतरचा.

यावर उपाय दोन, आणि दोघांतला एकच निवडायचा. किल्ला मोठा हवा असेल तर चौकट अरुंद करा, जवळच्या गच्च्या सोडून द्या, लांबची घरं आणि टेकडी एवढंच घ्या. गच्च्याही हव्या असतील तर किल्ल्याला दोन बोटांत राहू द्या. मला विचाराल तर दुसरं. दोन बोटांचा किल्ला गावावर जितका भारी पडतो तितका निम्म्या कॅनव्हासचा पडत नाही.

चौकटीसाठी काही विकत आणू नका. हिवाळ्यात तिळाच्या गजकचे डबे घरात साठतातच. एका डब्याच्या झाकणात कॅनव्हासच्या प्रमाणात, म्हणजे चार बाय सहा इंचांची खिडकी कापा आणि तिच्यावर उभी-आडवी दोऱ्याची फुली ताणा. या खिडकीतून पाहताना हात पुढे-मागे केला की चौकट अरुंद-रुंद होते. एकदा ठरलं की अंतर बदलायचं नाही. झाकण काठीला चिकटवून काठी कुंडीत खोचून ठेवली तर उत्तम, हात दुखत नाही.

क्षितिजाचीही एक चूक आहे, तीही सुधारण्यासारखी. तुम्ही किल्ल्याच्या माथ्याची रेघ क्षितिज धरलीत आणि गच्च्यांच्या कडा तिकडे वळवल्यात. क्षितिज म्हणजे तुमच्या डोळ्याची पातळी, मग ते घरांमागे लपलेलं का असेना. ते शोधायला पाण्याची अर्धी भरलेली बाटली डोळ्यासमोर धरा आणि वर-खाली करा. पाण्याचा पृष्ठभाग वरूनही दिसत नाही, खालूनही दिसत नाही, नुसती रेघ दिसते, तिथे तुमची पातळी. त्या रेघेवरून लांब पाहा. तिसऱ्या मजल्याची गच्ची आणि वर तुमची उंची धरून तुमचे डोळे जमिनीपासून बारा-तेरा मीटरवर आहेत. म्हणजे ही रेघ १०० मीटरच्या टेकडीला पायथ्यापासून जेमतेम आठव्या हिश्श्याशी कापते. किती खाली, पाहा! तुमच्यापेक्षा बुटक्या सगळ्या गच्च्या त्या रेघेच्या खाली, त्यांच्या लांब जाणाऱ्या कडा रेघेकडे चढतात. जी इमारत तुमच्याहून उंच तिचं डोकं रेघेच्या वर, तिच्या कडा उतरतात. एवढं सांभाळलं की निम्मं यथादर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, आपोआप बसतं.

आता निळ्या डोंगराबद्दल. 'दूरचं ते निळं' हे खोटं नाही, पण ते स्वच्छ हवेचं आणि मोठ्या अंतराचं गणित आहे. हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आपल्या आणि लांबच्या काळोख्या डोंगराच्या मधल्या हवेचा निळा पडदा त्याच्यावर चढतो. पण पडद्यालाही जाडी लागते. हिमालयाच्या रांगा वीस-तीस किलोमीटरवर असतात, आपला किल्ला दोनावर. त्यातून ग्वाल्हेरच्या हवेत नुसती हवा असते का? धूळ असते. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून पडदा निळा होत नाही, पांढुरका मातकट होतो. मे महिन्यात लू सुटली की किल्ला ताकात बुडवल्यासारखा दिसतो. निळा औषधालाही सापडत नाही. भादव्यात पाऊस उघडला की तोच किल्ला एकदम जवळ येतो, कड्याच्या भेगा मोजता येतात, उतारावरची झुडपं हिरवी चमकतात. पौषातल्या धुक्यात त्याची नुसती करडी सावली उरते. तुम्ही दसऱ्याला सुरू करून संक्रांतीला संपवलंत, म्हणजे तुमच्या चित्रात दोन ऋतू आहेत. कडा ऑक्टोबरच्या हवेतला आणि आकाश जानेवारीचं. असं चित्र पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

हवेचा पडदा सगळ्यावर सारखा चढत नाही, ही यातली खरी मेख. काळोख्या जागा लवकर फिकट होतात, उजेडाच्या जागा थोड्याच बदलतात. लांबच्या वस्तूत काळं असं काही राहतच नाही. तुमच्या किल्ल्याच्या खिडक्या आणि भेगा शेजारच्या पाण्याच्या टाकीइतक्याच काळ्या आहेत, म्हणून त्या टाकीच्या शेजारी येऊन बसल्या. दुसरं, धूळ आणि चुलींचा, गाड्यांचा धूर जमिनीलगत साठतो, म्हणून सकाळी टेकडीचा पायथा माथ्यापेक्षा फिकट दिसतो. तुम्ही पायथा गडद केलात, कारण तो भक्कम असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा तेच, ठाऊक आहे! डोळे किलकिले करून पाहा. गावाच्या शेवटच्या घरांमागे एक फिकट पट्टा दिसेल आणि त्यातून टेकडी वर निघालेली. तो पट्टा एकदा जमला की किल्ला कुणी न ढकलता मागे जातो.

रंग कालवण्याकडे येऊ या. तुमच्या पॅलेटवर चौदा रंग दिसले. पाच ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आणि एक तांबडा, लागला तर. काळी ट्यूब कपाटात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान कालवले की जवळजवळ काळा होतो. निळा वाढवला की गार करडा, सिएना वाढवला की उबदार करडा, या दोघांत आपलं सगळं गाव मावतं. ब्रश हातात घेण्याआधी रंग कालवायच्या पॅलेट नाइफने सावलीचे तीन ढीग करा. पहिला जवळचा, कठड्याच्या आणि टाक्यांच्या सावलीचा, तो जवळपास पांढऱ्याशिवाय. दुसरा मधल्या घरांचा, पहिल्यातलाच चमचाभर घेऊन त्यात पांढरा आणि नखभर ऑकर. तिसरा टेकडीचा, त्यात पांढराच मुख्य आणि दुसऱ्या ढिगातला वाटाण्याएवढा. इथे हात थरथरतो, 'इतका फिकट?' असं वाटतं. म्हणून तपासा. नाइफच्या टोकावर तिसरा रंग घ्या, हात लांब करा, एक डोळा मिटून नाइफ टेकडीच्या सावलीवर धरा. तुमच्या अंगावर ऊन असेल तर नाइफवरही ऊन पडलं पाहिजे, नाहीतर तपासणी फसवी. रंग टेकडीत विरघळला तर बरोबर, नाइफचा डाग दिसला तर अजून पांढरा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार वेळा पांढरा वाढवावा लागला होता, आणि मी तेव्हा पाच वर्षं शिकलेला होतो.

उजेडाच्या बाजूचे तीन ढीग याच रीतीने करा. किल्ल्याचा दगड वालुकाश्म आहे, उन्हात पिवळसर, म्हणून तिथे ऑकरची छटा राहू द्या. मुलगा हिमाचल म्हणाला तो याचमुळे, दगडाचा रंगच तुम्ही पुसलात.

कोणता उजेड? तुमच्या पत्त्यावरून किल्ला उत्तरेला येतो. म्हणजे दुपारी सूर्य तुमच्या पाठीशी, समोरची प्रत्येक भिंत सारखी उजळलेली, सावल्या वस्तूंच्या मागे लपलेल्या. फोटो १२ वाजून २० मिनिटांचा आहे हे कोपऱ्यात छापलंच आहे. त्या वेळी मायकलअँजेलोलाही चित्राला खोली देता आली नसती. सकाळी सात ते नऊ बसा. उजेड उजवीकडून येतो, प्रत्येक घराची एक बाजू उजळते, एक अंधारते. दोन तासांपेक्षा जास्त नाही, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि तेवढ्यात सावल्या दुसरीकडे गेलेल्या असतात. पहिल्या पंधरा मिनिटांत सावल्यांचे आकार पातळ बर्न्ट सिएनाने ठोकून घ्या आणि मग त्या हलल्या तरी तुम्ही हलू नका.

ब्रशचं एकच सांगतो. ट्रिपल झिरो पंधरा दिवस मुलाकडे ठेवायला द्या. एक इंची फ्लॅट, म्हणजे चपटा, आणि एक अर्धा इंची, दोन्ही हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, बास. टेकडी वीस फटक्यांत झाली पाहिजे. तेली का मंदिर हे किल्ल्यावरचं सर्वांत उंच देऊळ, तिथला तो चौकोनी खांदा एका फटक्यात येतो आणि लष्करातला कुठलाही माणूस तो ओळखतो. बारीक काम करायची हौस असेल तर ती सगळी जवळच्या कठड्यावर फेडा. तुमच्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात कठड्याची दगडी पट्टी आणि तिच्यावर वाळत घातलेली बरणी दिसते. ती तुम्ही चित्रातून काढून टाकलीत, 'नीटनेटकं' दिसावं म्हणून. परत आणा. तिथला काच आणि दगड गडद, स्पष्ट, कंगोऱ्यांसकट आला की त्याच्या मानाने बाकीचं सगळं लांब जाईल.

विल्यम हॉजेस हा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेला चित्रकार १७८३ मध्ये ग्वाल्हेरला आला होता आणि त्याने या किल्ल्याची चित्रं केली. तेव्हा लष्कर नव्हतंच. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ती १८१० च्या सुमारास. त्याला किल्ला परक्याच्या डोळ्यांनी पाहावा लागला, आपल्याला ती सोय नाही. आपल्याला मुद्दाम परकं व्हावं लागतं. त्यासाठी एक युक्ती: मोबाइल बंद करा आणि त्याच्या काळ्या काचेत, पाठीवरून, किल्ल्याचं प्रतिबिंब पाहा. रंग मरतात, डावं-उजवं उलटतं, आणि उरतात फक्त गडद-फिकट आकार. अठराव्या शतकात हौशी लोक यासाठी खास काळे आरसे बाळगत. आपल्या खिशात तो फुकट आहे.

तडकलेल्या आकाशाचा खुलासा तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिता की आधी लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, घालून जाड निळा दिला आणि दहा दिवसांनी टर्पेंटाईनने पातळ केलेले ढग वरून फिरवले. उलटं झालं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि जाड, तेलकट थराला त्याला महिने लागतात. वरचा पातळ थर चार दिवसांत कडक झाला, खालचा अजून हलत होता, मग वरचा फुटला. खाली पातळ, वर तेलकट, हा क्रम कधी मोडायचा नाही. ट्यूबवर झिंक व्हाइट लिहिलंय का तेही पाहा, झिंक कालांतराने ठिसूळ होतो, मोठ्या आकाशाला तो नको. माझं स्वतःचं एक चित्र असंच, मांडीवर घेऊन घाईने रंगवलेलं, एका घरी भिंतीवर लागलं आणि वर्षभरात त्यावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. यजमान मोठ्या मनाचे, म्हणाले, 'जुनं दिसतंय, छान.' मी अजून त्या घरी दिवाणखान्यात बसताना पाठ भिंतीकडे करतो. तुमच्या त्या आकाशाला आता हात लावू नका, भेगांत रंग भरला तर अधिक वाईट. राहू द्या.

इम्पोर्टेड रंगांचे पैसे वाचले त्यात पांढऱ्याची सगळ्यात मोठी ट्यूब घ्या आणि ९ बाय १२ इंचांचे बारा कॅनव्हास बोर्ड. मोठं चित्र दिवाळीनंतर. तोवर तीच गच्ची, तोच किल्ला, दर वेळी एक बैठक. फ्रेंच चित्रकार सेझानला त्याच्या एक्स गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार डोंगर इतका पाठ होता की त्याने तो तैलरंगांत तीसहून अधिक वेळा केला, तरी त्याला तो झालासा वाटला नाही. आपल्या इंदूरचे चित्रकार बेंद्रे तिथल्याच देवळालीकर मास्तरांकडे शिकले. पुढे त्यांनी किती वाटा बदलल्या तरी त्यांची सुरुवात निसर्गचित्रांनीच झाली होती.

फोटो असताना अर्थ काय, हे विचारलंत. तुमच्या फोटोत पायथ्याचा तो फिकट पट्टा आहे का, पाहा बरं. मी भिंग घेऊन पाहिलं. कॅमेऱ्याने त्याला आकाशाच्या उजेडाशी जुळवून सपाट करून टाकलंय. तुमच्या डोळ्याला तो रोज सकाळी दिसतो.

पहिले तीन बोर्ड झाले की फोटो पाठवा, उन्हात नको, सावलीत धरून काढलेले. बरणी दिसली पाहिजे.

ता. क. लिनसीडने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकत असाल तर आजपासून बंद. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि चिंधी काडीशिवाय पेटते. आपल्याकडच्या ४५ अंशांत तर विचारूच नका. चिंध्या दोरीवर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. आणि टर्पेंटाईनची बाटली स्वयंपाकघरात नको.